घड्याळ त्यांचं, संध्याकाळ कुणाची?

(स्त्रियांच्या श्रमावरील शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)

सकाळपासून आपण विडी कामगार, बांधकाम मजूर, शेतमजूर बायांबद्दल ऐकलं. त्यानंतर मी संगणकावर काम करणाऱ्या मुलींबद्दल बोलायला उभी राहिले, तर ‘त्यांना काय कमी आहे? पगार भरपूर, न्यायला-आणायला गाडी!’ असं कुणाच्या तरी मनात येणारच. पगार चांगला असतो हे खरं आहे. बावीस वर्षं पुण्यात मी हेच काम केलं आणि त्याच पगारावर माझं घर उभं राहिलं. पण पगार जितक्या तासांचा मिळतो आणि काम जितके तास चालतं, त्यात एक फट आहे. त्या फटीत बाईची संध्याकाळ जाते. मला त्याविषयी बोलायचं आहे.

हे काम इथे येतं कसं, ते आधी सांगते. अमेरिकेतल्या एखाद्या विमा कंपनीला हिशेब ठेवणारी संगणक-प्रणाली हवी असते. तिथला इंजिनियर महाग पडतो, म्हणून ती कंपनी इथल्या कंपनीला कंत्राट देते. सुरुवातीच्या काळात इथली माणसंच विमानाने तिकडे पाठवली जात. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरला केंद्र उघडलं आणि उपग्रहामार्फत तिकडच्या कार्यालयाशी जोडून घेतलं. १९९१ नंतर सरकारी सॉफ्टवेअर पार्कांमुळे लहान कंपन्यांनाही अशी जोडणी मिळू लागली. माणूस इथेच राहिला, काम तेवढं ये-जा करू लागलं.

गिऱ्हाइकाला यात दोन फायदे दाखवले जातात. एक, मजुरी स्वस्त. दुसरा, घड्याळ. तुम्ही झोपाल तेव्हा आम्ही काम करू, सकाळी उठाल तेव्हा ते तयार असेल. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण सॉफ्टवेअर म्हणजे मापं दिली आणि शिवून आणलं असं काम नाही. काय हवं आहे ते गिऱ्हाइकालाही पुरतं ठाऊक नसतं. रोज विचारावं लागतं, दाखवावं लागतं, बदलावं लागतं. म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच वेळी जागी असायला हवीत. मग जागं कुणी राहायचं?

आकडेमोड करून पाहा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यांनी संध्याकाळी सात-आठला बसावं, म्हणजे आपल्याला सकाळ सोयीची पडेल, असं कंत्राटात लिहिलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. पैसे देणाऱ्याची सकाळ हीच सगळ्यांची सकाळ.

आता ही वेळ घरात काय असते? कुकर लावायची, मुलांचा अभ्यास घ्यायची, सासूबाईंना गोळ्या द्यायची. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्यांत बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष ८८ मिनिटं. रात्रीच्या फोनला पुरुष सहकारीही बसतो, त्याचीही झोप जाते. पण तो दार लावून घेतो आणि दाराबाहेरचं कुणीतरी बघतं. बाईने दार लावलं तर दाराबाहेर कोण?

माझ्या गटात प्रणालीतल्या चुका शोधणारी एक मुलगी होती. तिच्याइतकी बारीक नजर मी क्वचितच पाहिली. गटप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा तिने नकार दिला, कारण प्रमुखाला रोज रात्री फोनवर असावं लागे आणि तिचं बाळ वर्षाचं होतं. वार्षिक मूल्यमापनात तिच्या नावापुढे शेरा पडला, ‘उपलब्धता कमी’. ती सकाळी आठला हजर असे. पण सकाळी आठची उपलब्धता मोजली जात नाही, कारण तेव्हा गिऱ्हाईक घरी जेवत असतं. दोन वर्षांनी तिने नोकरी सोडली. नोंद झाली ‘वैयक्तिक कारण’ अशी. अशा किती वैयक्तिक कारणांची मिळून एक सार्वजनिक गोष्ट होते, हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला लावायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी, घरापर्यंत वाहन हवं. हे सहजी मिळालेलं नाही. २००७ आणि २००९ साली पुण्यात या क्षेत्रातल्या दोन तरुणींचे खून झाले आणि दोन्ही प्रकरणांत गाडीच्या चालकाला शिक्षा झाली. तेव्हापासून गाडी, पहारेकरी, नोंदवही यांची चर्चा होऊ लागली. पण सगळा प्रश्न रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा झाला, तासांचा झालाच नाही. मग तोडगा निघाला : बाईंनी सहाला घरी जावं आणि रात्रीचा फोन घरून घ्यावा. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर ही रीतच पडली. गाडी नको, संमतीचा कागद नको, नोंद नको. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपले साडेनऊ, म्हणजे कायद्याची रेघ जिथे ओढली आहे नेमकी तिथूनच काम सुरू होतं, आणि ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

याला पर्यायच नाही, असं आपल्याला सांगितलं जातं. म्हणून एक जुनी हकिकत सांगते. १९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली या बाईने सॉफ्टवेअर लिहून देणारी कंपनी काढली. लग्नानंतर किंवा मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना तिने घरी बसून काम दिलं. गिऱ्हाइकांनी पत्रं गंभीरपणे वाचावीत म्हणून ती ‘स्टीव्ह’ अशी सही करायची. फोनवर बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मागे टंकलेखनाच्या आवाजाची टेप लावायची! सुरुवातीच्या तीनशे जणांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग त्यांनी केलं. तिथे काम बाईच्या तासांभोवती बेतलं होतं. झालेलं काम मोजायचं, खुर्चीतले तास नाहीत. हीच कंपनी पुढे झान्सा नावाने ओळखली गेली आणि तिचं बरंचसं काम भारतात आलं. काम समुद्र ओलांडून आलं, पण बाईच्या तासांचा विचार काही बरोबर आला नाही.

आणखी एका बाईला विसरून चालणार नाही. फोनवर बसलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई पोळ्या लाटत असते. ‘आज जरा उशिरापर्यंत थांबाल का मावशी?’ असं म्हटलं की कॅलिफोर्नियाचं घड्याळ थेट तिच्या वस्तीतल्या घरात जातं. तिची मुलं जेवायची थांबतात. पण मैत्रिणींनो, या बाईकडून शिकण्यासारखं आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. आज ती भांडी, धुणं, केर-फरशी, प्रत्येक कामाचा वेगळा दर सांगते, सुट्टी मागते. चार पदव्या घेतलेली आमची इंजिनियर मात्र रात्रीच्या दोन तासांचा दर विचारायला लाजते. ‘आपण काय कामगार आहोत का?’ असं तिला वाटतं. ती कामगार आहे, हे तिला सांगण्याचं काम आपलं आहे.

म्हणून काही मागण्या चर्चेसाठी ठेवते. परदेशी गिऱ्हाइकाशी होणाऱ्या कंत्राटातच बोलण्याच्या वेळा लिहिल्या जाव्यात, आणि गैरसोय दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सोसावी. एक आठवडा आम्ही रात्री बसू, एक आठवडा तुम्ही. घरून घेतलेला रात्रीचा फोन हा कामाचाच तास धरावा, त्याची नोंद व्हावी, मोबदला किंवा बदली सुट्टी मिळावी. रात्रीच्या उपलब्धतेवर बढती ठरू नये. पाळणाघराची वेळही कामाच्या वेळेनुसार असावी. ते सहाला बंद होत असेल तर साडेसहाच्या फोनला त्याचा काय उपयोग? आणि घरातल्या पुरुषांसाठी मागणी नाही, सूचना आहे : कुकर लावायला पदवी लागत नाही.

या मुली आपल्या बैठकांना येत नाहीत, अशी आपली तक्रार असते. आपण बैठक संध्याकाळी सातला ठेवतो. पुढची बैठक रविवारी सकाळी ठेवू या, आणि प्रत्येकीने आपल्या इमारतीतल्या, नात्यातल्या एका तरी मुलीला सोबत आणू या. येताना तिला एकच काम सांगा : मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊनंतर किती तास फोनवर होतीस, ते कागदावर लिहून आण. तो कागद हातात आला की पुढचं बोलणं सोपं जाईल.