खेळावर लिहिणाऱ्यांची सुरुवात कुठून होते?

(युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे ‘आयटी क्षेत्रातील संधी’ यावर बोलायला बोलावलं आहे. पण सकाळी चहाच्या वेळी अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, क्रीडा पत्रकार व्हायला कुठला कोर्स करायचा?” आयटीबद्दलची माहिती तुम्हाला मोबाइलवर हवी तेवढी मिळेल. हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात कॉलेजपासून आहे. तेव्हा संयोजकांची माफी मागतो आणि विषय बदलतो.

पत्रकारितेचे कोर्स आहेत आणि ते करायला माझी काही हरकत नाही. पण ज्यांना वाचत-ऐकत आपण मोठे झालो, त्यांच्यातले किती जण त्या वाटेने आले ते बघा. द्वारकानाथ संझगिरी २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. मराठीत क्रिकेटवर लिहिणारं एवढं लोकप्रिय नाव, पण हा माणूस शिक्षणाने स्थापत्य अभियंता. निवृत्त होईपर्यंत मुंबई महापालिकेत नोकरी केली. १९८३ चा विश्वचषक इंग्लंडला जाऊन पाहिला, आणि मग मित्रांबरोबर ‘एकच षटकार’ हे पाक्षिक काढलं. संपादक संदीप पाटील, कार्यकारी संपादक हे. दिवसा महापालिका, रात्री क्रिकेट. हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातले. उस्मानिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकत होते आणि १९ व्या वर्षी आकाशवाणीवर समालोचन करू लागले होते. म्हणजे इंजिनिअर झालात म्हणून खेळाचा रस्ता बंद होतो, असं समजू नका. घरच्यांना सांगायला हे उपयोगी पडेल.

माझ्या धंद्यातल्या लोकांना मात्र तिसरी गोष्ट जास्त आवडते. १९९३ साल. अमेरिकेत शिकायला गेलेली भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन पोरं. तिथे क्रिकेट टीव्हीवर नाही, पेपरात नाही. घरी फोन करून स्कोअर विचारायचा तर मिनिटाला डॉलर मोजावे लागायचे. ही पोरं विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर आयआरसीवर जमायची. आयआरसी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपचा आजोबा समजा. ज्याच्याकडे रेडिओ किंवा टीव्ही असेल तो चेंडूमागून चेंडू टाइप करायचा, बाकीचे वाचायचे. पण उशिरा आलेला प्रत्येक जण तोच प्रश्न विचारणार, स्कोअर काय? मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग नावाचा ब्रिटिश संशोधक होता. त्याने त्या गप्पांमध्ये आपोआप स्कोअर सांगणारा प्रोग्रॅम बसवला. त्यातून क्रिकइन्फो उभं राहिलं. कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंगची पीएचडी करणारे बद्री शेषाद्री त्याच्या संस्थापकांपैकी एक. जुने स्कोअरकार्ड हाताने टाइप करणारे, चेंडूचं वर्णन लिहिणारे सगळे स्वयंसेवक होते. त्यांच्याकडे ना प्रेस कार्ड, ना पगार. २००३ मध्ये क्रिकेटचं बायबल म्हणवणाऱ्या विस्डेनने क्रिकइन्फो घेतलं आणि २००७ मध्ये ईएसपीएनने. ज्यांना मैदानाच्या गेटवरही कोणी उभं केलं नसतं, त्यांनी केलेली नोंद आज पत्रकार संदर्भाला वापरतात.

पण इथे थोडं थांबा. ‘स्वयंसेवक’ हा शब्द फार गोड आहे. विद्यापीठाची शिष्यवृत्ती खिशात असली की फुकट काम करता येतं. संझगिरींना महापालिकेचा पगार होता. फुकटात सुरुवात करा, असं जो सांगतो त्याला पहिल्यांदा विचारा, तुमचं घर कशावर चालत होतं?

आमचं घर अब्बांच्या टू-व्हीलर गॅरेजवर चालत होतं. आम्ही कोल्हापूरचे. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवेडा, आम्ही फुटबॉलवेडे. तालमींचे संघ, पेठेपेठेतली खुन्नस आणि शाहू स्टेडियमची गॅलरी. २००८ साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि एका स्थानिक दैनिकाला मॅचचा वृत्तांत लिहून द्यायचो. मानधन नाही, नावही छापायचे नाहीत. सायकलवरून जाऊन हाताने लिहिलेला कागद देऊन यायचं. अम्मी म्हणायची, पेट्रोल लागत नाही तोवर कर.

एका मॅचला शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नरवर गोल झाला. तालमींची नावं घेत नाही, दोन्हीकडची पोरं इथे बसलेली असतील. गोलसमोर सात-आठ जणांची गर्दी, त्यातून कोणाचं तरी डोकं लागलं. माझ्या शेजारच्याने एक नाव ओरडलं आणि मी ते लिहिलं. गोल खरं तर त्याच्या धाकट्या भावाचा होता. दोघं एकाच संघात, केसांची ठेवणसुद्धा सारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे वडील गॅरेजवर आले. पेपरात माझं नाव नसलं तरी गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. पेपर अब्बांसमोर ठेवला आणि म्हणाले, “तुमच्या पोरानं माझ्या धाकट्याचा गोल थोरल्याला दिला. पैलाच गोल हुता त्याचा. गावाकडं पाठवायला पाच अंक घेऊन ठेवलेत.” अब्बांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

मी दैनिकाच्या कचेरीत जाऊन दुरुस्ती छापायची विनंती केली. खेळाच्या पानावर जागा नाही, असं उत्तर मिळालं. तो गोल छापील नोंदीत आजही थोरल्याच्याच नावावर आहे.

तेव्हापासून मी मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघांकडून नावं आणि जर्सी नंबर लिहून घ्यायला लागलो. लिहून झाल्यावर ती खेळाडूलाच वाचून दाखवायचो. आपल्यातल्या मुलांची नावं कशी छापली जातात तुम्ही बघता. मुल्लाचा मुल्ला राहिला तर नशीब, नाहीतर नुसतं ‘शेख’. कुठला शेख? संघात चार शेख असतात.

नेव्हिल कार्डस हे क्रिकेटवर लिहिणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं नाव मानतात. मँचेस्टरचा गरीब पोरगा, घरात लोकांचे कपडे धुण्याचा व्यवसाय, शाळा लहानपणीच सुटलेली. एका शाळेत क्रिकेट प्रशिक्षकाचा मदतनीस झाला, १९१७ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये बातमीदार म्हणून लागला. १९१९ मध्ये आजारी पडला, तेव्हा जरा मोकळ्या हवेत बसेल म्हणून वरिष्ठांनी त्याला ओल्ड ट्रॅफर्डवर पाठवलं. तिथून तो खेळावर लिहू लागला. पण हाच कार्डस खेळाडूंच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालायचा आणि ते त्याने पुढे मान्यही केलं. लोक ते कौतुकाने सांगतात. मला ते पाच अंक आठवतात आणि कौतुक करवत नाही.

आणि मुलींनो, शारदा उग्रा यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या ‘मिड-डे’त खेळाची बातमीदारी सुरू केली. तेव्हा क्रिकेटच्या प्रेस बॉक्समध्ये बाई दिसणं म्हणजे अपवाद. हा ‘मिड-डे’ काढला खालिद अन्सारींनी. त्यांच्या वडिलांचं ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. ‘मिड-डे’च्याही आधी खालिद अन्सारींनी ‘स्पोर्ट्सवीक’ हे साप्ताहिक काढलं होतं आणि कायदा शिकलेल्या अयाज मेमन यांनी १९७८ मध्ये त्यातच सुरुवात केली. भारत-पाकिस्तान मॅचच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरून आपल्याला जो प्रश्न येतो, तो मला सांगायला नको. त्या वयात मला एवढंच ठाऊक होतं की त्या मॅचवर अयाज मेमन लिहितात आणि लोक फलंदाजी समजून घ्यायला ते वाचतात. मला तेवढं पुरेसं होतं.

चौथ्या वर्षी कॅम्पसमधून नोकरी लागली आणि मी पुण्याला गेलो. वृत्तांत सुटले. त्याचं मला वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही. त्या पगारातून धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा सुरुवात केली आहे. रविवारी इथे येतो आणि मुलींच्या शालेय फुटबॉलचे निकाल एका एक्सेल शीटमध्ये भरतो. कुणी मैदानावर, कुठल्या मिनिटाला, कुणाच्या पासवर गोल केला, एवढंच. आतापर्यंत ४१ सामने झालेत. दोन नावांची अजून खात्री व्हायची आहे. सकाळी प्रश्न विचारणारी मुलगी त्यातलीच एक असावी, असं मला वाटतं. जेवणाच्या सुट्टीत मला भेट. तुझ्या नावात ‘ज’ आहे की ‘झ’, ते विचारायचं राहिलं आहे.