उरलेली कोंबडी आणि हनोईची सुगरण

सणाचा दिवस कोणत्याही घरात थाटाने पार पडतो. गृहिणीची खरी परीक्षा होते ती सणानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाहुणे परतलेले असतात, मुलांची पोटे जड झालेली असतात आणि पातेल्यात अर्धी कोंबडी किंवा मांसाचे चार तुकडे उरलेले असतात. नाताळानंतरचे गोव्यातील स्वयंपाकघर असो की जत्रेनंतरचे बेळगावाकडील घर, दृश्य सारखेच. ते मांस एकदा तापवले जाते, संध्याकाळी पुन्हा तापवले जाते, प्रत्येक खेपेस थोडे अधिक कोरडे होते आणि शेवटी घरच्या मांजराचे नशीब उघडते. पैशाचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला, तरी ज्या जिवावर सुरी चालली त्याच्या मांसाची ही गत व्हावी, ही गोष्ट मनाला रुचणारी नव्हे.

व्हिएतनाममध्ये, विशेषतः हनोई शहरात, या अडचणीतून वाट काढण्याची एक जुनी रीत आहे. तिच्या मुळाशी काटकसर आहेच. पण नुसती काटकसर नाही. त्या देशाचा सर्वांत मोठा सण म्हणजे चांद्रवर्षाचा पहिला दिवस, तेत. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत तो येतो. जुने वर्ष संपून नवे सुरू होते त्या मध्यरात्री घरोघरी पूर्वजांच्या वेदीपुढे अख्खी उकडलेली कोंबडी मांडतात. ती बहुधा कोवळ्या कोंबड्याची असते, अंगाने पिवळीधमक, आणि तिच्या चोचीत हौसेने लाल गुलाबाचे फूल खोवलेले असते. पुढील दोन-तीन दिवस पूर्वज घरी पाहुणे आहेत अशी भावना असते व त्यांच्यापुढे रोज ताट मांडले जाते. मग कागदी नाणी व वस्त्रे जाळून त्यांना निरोप देतात. वेदीवरून खाली उतरवलेले अन्न हे साधे अन्न राहत नाही. त्याला 'लोक' म्हणतात. आपल्याकडील प्रसाद या शब्दाच्या फार जवळचा हा शब्द आहे. प्रसाद टाकून द्यावयाचा नाही, हे जसे मराठी मनुष्यास सांगावे लागत नाही, तसेच ते तेथील सुनेलाही सांगावे लागत नाही. पण तीन दिवस गोडधोड आणि मांस खाऊन कंटाळलेल्या घरादाराच्या गळी ती थंड कोंबडी उतरवावयाची कशी, हा प्रश्न उरतोच.

(व्हिएतनामी नावांचे उच्चार देवनागरीत पुरते उतरत नाहीत, कारण त्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. ती भाषा आज ज्या रोमन लिपीत लिहितात, ती सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रचारकांनी घडवली. त्यांपैकी अलेक्सांद्र द रोद याने १६५१ साली रोम येथे त्या भाषेचा शब्दकोश छापला. हा गृहस्थ पूर्वेकडे जाताना १६१९ पासून सुमारे अडीच वर्षे गोव्यात राहिला होता, हे गोमंतकीय श्रोत्यांस ऐकण्यास कदाचित आवडेल.)

हनोईच्या गृहिणीचे उत्तर म्हणजे 'बून थांग'. बून म्हणजे तांदळाच्या ओल्या पांढऱ्या शेवया. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या रसाबरोबर खातात त्या शिरवाळ्यांच्या त्या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात. थांग या शब्दाचे मूळ काही जण 'सार' या अर्थाच्या चिनी शब्दात शोधतात. तर काही जण सांगतात की वैद्य जशी काढ्याची पुडी बांधताना चिमूट चिमूट औषधे कागदावर शेजारी शेजारी मांडतो, तसा हा वाडगा दिसतो म्हणून ते नाव पडले. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, दुसऱ्या कथेत पदार्थाचे वर्णन अचूक आहे. कोंबडीचे मांस हाडापासून सोडवून त्याचे हाताने दोऱ्यासारखे तंतू काढतात. अंडे फेटून तव्यावर कागदासारखे पातळ धिरडे घालतात व त्याची गुंडाळी करून केसासारखी बारीक चिरतात. सणासाठी केळीच्या पानात बांधून उकडलेला डुकराच्या मांसाचा लगदा, त्याला 'झो लुआ' म्हणतात, उरलेला असतोच. त्याच्याही काड्या होतात. सोडे भिजवून, कुटून त्यांचा कापसासारखा भुगा करतात. हे सारे शेवयांवर निरनिराळ्या रंगांच्या पाकळ्यांप्रमाणे मांडतात आणि वरून कोंबडीच्या हाडांचा, सोडे घालून मंद विस्तवावर उकळलेला, निवळ रस्सा कढत कढत ओततात. बेळगाव-कोल्हापूरकडील वाचकांनी अळणी रस्सा डोळ्यांपुढे आणावा. मात्र हा त्याहूनही निवळ असावा लागतो. वाडग्याच्या तळाची शेवई दिसली पाहिजे, असा तेथील सुगरणींचा आग्रह असतो. चवीला आंबवलेल्या कोळंबीचा किंचित गोळा, 'माम तोम', घालतात. त्याचा वास उग्र. पण ज्या घरात बालशांवाची बरणी उघडली जाते त्या घरास त्याचे भय वाटू नये. पूर्वी एका मोठ्या पाणकिड्याच्या अर्काचा एक थेंबही टाकीत. आता तो अर्क दुर्मिळ झाला आहे, आणि त्यावाचून इकडच्या कोणाचे अडेल असेही नाही.

या पदार्थात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, उरलेले मांस येथे पुन्हा शिजवलेले नाही. शिजलेले मांस एक रात्र राहिले आणि पुन्हा तापवले की त्याला एक विशिष्ट शिळकट, खवट वास येतो. कोंबडी आणि डुकराच्या मांसात तो चटकन जाणवतो. याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. शिजताना मांसातील लोह मोकळे होते आणि त्याच्या साह्याने हवेतील प्राणवायू मांसातील स्निग्धांशावर हल्ला चढवतो. पुन्हा दिलेली आच त्या वासाला उठाव आणते व उरलेसुरले पाणीही काढून घेते. मग गृहिणी मसाला वाढवते, तिखट वाढवते. मांस मात्र कोरडेच. हनोईच्या सुगरणीने हे रसायनशास्त्र वाचलेले नव्हते. तिने थंड मांस थंडच विंचरले आणि उष्णता रश्शाकडून उसनी घेतली. थंड मांस घट्ट झालेले असते, म्हणून त्याचे पातळ काप व बारीक तंतूही गरम मांसापेक्षा सुबक निघतात.

दुसरी रीत याहून सोपी आणि इकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात आजच रात्री करता येईल अशी आहे. तिचे नाव 'गॉय गा', म्हणजे कोंबडीची कोशिंबीर. तिचा प्राण म्हणजे 'नुओक माम', माशांचे आंबवलेले पाणी. मांदेलीच्याच कुळातील लहान मासे आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, लाकडी पिंपांत थरांनी भरून वर्षभर मुरवत ठेवतात. तळाच्या तोटीतून तांबूस, निवळ द्रव ठिबकतो तोच हा. फू क्वोक बेटावरील नुओक माम प्रसिद्ध असून त्या नावाला २०१२ साली युरोपीय संघाने संरक्षण दिले. मोठ्या शहरांतील दुकानांत आता ही बाटली मिळते. न मिळाल्यास साधे मीठ वापरावे. चव तीच येणार नाही, परंतु पदार्थ बिघडणार नाही.

कांदा उभा, पातळ चिरून त्यावर थोडा शिरका व साखर घालून पंधरा मिनिटे ठेवावा. त्याचा उग्रपणा जातो. कोबी इतका बारीक चिरावा की सुरी चालवणाऱ्यास कंटाळा यावा. गाजराचे कीस नकोत, काड्या हव्यात. कोंबडीचे तंतू हाताने काढावेत. सुरीने केलेल्या चौकोनी तुकड्यांस रस लागत नाही, हा या पदार्थातील बहुतेक अपयशाचा उगम आहे. मग एक वाटा नुओक माम, एक वाटा साखर आणि एक वाटा लिंबाचा रस एकत्र करून त्यात साखर विरघळवावी व ठेचलेला लसूण आणि लाल मिरची घालावी. (याच मिश्रणात चार-पाच वाटे पाणी घातले की ते तोंडी लावण्याचे पाणी होते; कोशिंबिरीसाठी पाणी घालू नये, नाहीतर कोबी पोहू लागतो.) हा रस आधी मांसाला चोळावा, मग भाजी मिसळावी. व्हिएतनामी घरात यावर 'राऊ राम' नावाचा तिखटसर पाला घालतात. तो इकडे सहसा मिळत नाही. पुदिना आणि कोथिंबीर समसमान घेतल्यास काम चालते, आणि हात आखडता न घेता मूठ-मूठभर घ्यावीत. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड. शेंगदाणे मिसळले की लगेच पानात वाढावे. थांबले की ते मऊ पडतात.

पाव कोंबडी उरली असेल तर चार माणसांचे जेवण यात होते. तीच पाव कोंबडी तापवून ताटात वाढली असती तर दोघांचेही समाधान झाले नसते आणि मोठा तुकडा कोणास, यावर घरात कुरबुर झाली असती ती वेगळी. येथे मांस हा ताटाचा धनी नसून पाहुणा आहे. पाला, भाजी, तांदूळ हे घरचे. व्हिएतनामच्या पुष्कळ पदार्थांत हेच प्रमाण दिसते. उकडलेल्या मांसाचा कागदाएवढा काप, चिमूटभर शेवया व मूठभर पाला तांदळाच्या पातळ ओल्या पापडात गुंडाळून खातात, तेथेही मांस सर्वांत कमी असते.

याचा अर्थ असा नव्हे की तो देश मांस तापवतच नाही. दक्षिणेत, सायगावकडे, तेतसाठी डुकराचे चरबीदार मांस आणि बदकाची अंडी शहाळ्याच्या पाण्यात, नुओक माम घालून, मोठ्या पातेल्यात शिजवतात. सणाचे काही दिवस बाजार बंद असत, म्हणून ते पातेले रोज उकळून पुरवीत. गोव्यातील सोर्पोतेलप्रमाणे त्याची चव दिवसागणिक चढते, कारण मांस रसात बुडालेले असते, त्याला हवा लागत नाही आणि चरबी त्याला कोरडे पडू देत नाही. तेव्हा रश्शाचे मांस असेल तर तापवावे, कोरडे उकडलेले वा भाजलेले असेल तर थंड विंचरावे, हा भेद ध्यानी ठेवलेला बरा. मसाल्यात पुरते मुरलेल्या मांसाची कोशिंबीर करण्याच्या फंदात कोणी पडू नये. ती ना इकडची होते, ना तिकडची.

आणखी एक सावधगिरी. हनोईत तेतच्या वेळी हवा थंड असते. कोकणातील किंवा हैदराबादेतील एप्रिलात वेदीपुढे काय, टेबलावरही मांस ठेवणे धोक्याचे. जेवण आटोपल्यावर तासाभराच्या आत ते शीतकपाटात गेले पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. घरात लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असल्यास थंड मांसाचा मोह टाळून तंतू रश्शात घालून खळखळून उकळी आणावी. चव थोडी उतरेल, ती उतरू द्यावी.

हनोईच्या वृद्ध स्त्रियांचा हात इतका बारीक का चालतो, याचे एक उत्तर त्या शहराच्या इतिहासातही आहे. १९४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. पुढे युद्धाच्या वर्षांत, आणि १९७५ साली युद्ध थांबल्यानंतरही, १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदलेपर्यंत, तांदूळ, मांस, साखर सारे चिठ्ठ्यांवर मिळत असे. पहाटे रांगेत आपली जागा राखण्यासाठी लोक वीट किंवा फुटकी टोपली ठेवून जात. मांसात चरबीचा तुकडा आला तर भाग्य समजत, कारण तो कढवून महिनाभर फोडणीस पुरवता येई. अशा काळात ज्या मुली आईच्या शेजारी बसून कोंबडीचे तंतू काढावयास शिकल्या, त्या आज आज्या झाल्या आहेत. बाजारात आता मांसाची वाण नाही, तरी त्यांच्या हातून तंतू जाड निघत नाही आणि सुनेने जाड काढले तर त्यांच्या कपाळावर आठी उमटल्यावाचून राहत नाही.

हाडेही त्या टाकत नाहीत. मांस सोडवून झाले की हाडे आल्याच्या तुकड्याबरोबर, भाजलेल्या कांद्याबरोबर पातेल्यात जातात. फेस येईल तसा काढीत राहावयाचे, झाकण लावावयाचे नाही, म्हणजे रस्सा गढूळ होत नाही. रात्री त्यातला अर्धा शेवयांवर ओतला जातो. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर तांदूळ शिजवून पेज करतात, तिला 'चाओ' म्हणतात. वर मिरपूड आणि कांद्याची पात. कोकणी माणसास ती पेज ओळखीची वाटेल, फक्त लोणच्याच्या जागी त्याला वाडग्यात कोंबडीचे चार तंतू सापडतील.