जपणूक आणि हक्क



अध्यक्षाने चित्रसंवर्धनाच्या व्यवसायातील प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आज मी मात्र आपल्या इतिहासातलं एक अवघड पान उघडणार आहे.

१७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या आणि तहाच्या कलमांत खंडणीसोबत चित्रंही मागितली जाऊ लागली. पोपकडून शंभर कलाकृती आणि पाचशे हस्तलिखितं घ्यायचं ठरलं. १७९७ च्या तोलेंतिनोच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ही लूटच होती, फक्त तिला सही-शिक्क्याचा कागद जोडलेला होता.

त्या लुटीत राफाएलची ‘फोलिन्योची मदोना’ होती. चित्राची लाकडी फळी वाकलेली, किडीने पोखरलेली. वरून निघालेली भेग थेट बाळ येशूच्या पायापर्यंत आलेली. रंग पापुद्र्यांनी सुटत होता. पॅरिसमध्ये आकँ नावाच्या कुशल कारागिराने १८००-०१ च्या सुमारास त्याच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. चित्राच्या दर्शनी बाजूवर संरक्षक थर चिकटवून त्याने ते पालथं घातलं, मागचं लाकूड तासून तासून पार काढून टाकलं आणि उरलेला रंगथर नव्या कॅनव्हासवर बसवला. या कामावर देखरेखीला गितों आणि बेर्तोले हे रसायनशास्त्रज्ञ आणि व्हँसाँ आणि तोने हे चित्रकार होते. त्यांनी लिहिलेला अहवाल आजही वाचावा असा आहे. चित्राची आधीची अवस्था, कामाची प्रत्येक पायरी, सगळं त्यात आहे. चित्रकार आणि रसायनशास्त्रज्ञ एका चित्रासाठी शेजारी बसले, ही गोष्ट मला आजही भारावून टाकते.

आणि तोच अहवाल मला अस्वस्थही करतो. ‘इटलीत ही चित्रं कुजत होती, आम्ही ती वाचवली’ असं फ्रेंच सरकार उघडपणे सांगत होतं, आणि आकँच्या हातचं कसब त्या दाव्याचा पुरावा ठरलं. 

वॉटर्लूला नेपोलियन हरल्यानंतर, १८१५ मध्ये, पोप सातव्या पायसने कलाकृती परत मागायला शिल्पकार कानोव्हाला पॅरिसला पाठवलं. इटलीतून नेलेल्या सुमारे पाचशे चित्रांपैकी जेमतेम निम्मी परत आली. ‘मदोना’ आली, पण फोलिन्योच्या ज्या मठातून ती नेली होती, तिथे गेलीच नाही; ती रोममध्येच ठेवली गेली आणि आज व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात आहे. ज्या गावाचं नाव ती मिरवते, त्या गावाला ती मिळाली नाही. परतफेड नक्की कुणाला करायची, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता.

वेरोनेझेच्या ‘काना गावातलं लग्न’ या चित्राबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. व्हेनिसच्या सान जॉर्जो मठाच्या भोजनगृहासाठी रंगवलेलं आणि याच लुटीत पॅरिसला नेलेलं, जवळपास दहा मीटर रुंदीचं हे चित्र प्रवास सोसणार नाही, असं १८१५ मध्ये सांगण्यात आलं आणि बदल्यात फ्रेंच चित्रकार ल ब्रँचं एक चित्र व्हेनिसला धाडलं गेलं. हेच नाजूक चित्र १८७० च्या युद्धात गुंडाळून ब्रेस्टला हलवलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धातही त्याने फ्रान्सभर फिरस्ती केली. आज ते लूव्रमध्ये आहे. भोजनगृहाच्या भिंतीवर २००७ पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती आहे. ‘चित्र प्रवास सोसणार नाही’ हे वाक्य आपल्या शास्त्राचं आहे. ते सोयीसाठी वापरलं गेलं, याचं मला मनापासून दुःख आहे.

मित्रहो, चित्र वाचवल्याने त्यावर हक्क येत नाही. म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे: उपचाराच्या प्रत्येक अहवालात रंगथर आणि सरस यांच्या नोंदींबरोबर ते चित्र कुठून, कुणाकडून आणि कोणत्या परिस्थितीत आपल्या टेबलावर आलं, हेही लिहा. आणि कुणी आपल्याला ‘हे हलवण्याजोगं नाही’ असा दाखला मागितला, तर आधी विचारा, तो कशासाठी हवा आहे.