राखीव जागेचा उमेदवार आणि त्याचा धर्म
(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विधानसभेच्या निवडणुकीस उभे राहू इच्छिणारे तरुण आता नवदीक्षित घरांतूनही पुढे येऊ लागले आहेत. सभा कशी भरवावी आणि घोषणा कोणत्या द्याव्यात, हे त्यांना कोणी शिकवावयास नको. परंतु घरातील वडीलधारी मंडळी त्यांना दोन प्रश्न विचारतात आणि त्यांचे उत्तर पुष्कळांजवळ नसते. पहिला प्रश्न असा की, आपण बुद्धाला शरण गेलो, तर अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेल्या जागेवर आपला मुलगा किंवा मुलगी उभी राहू शकते काय? दुसरा असा की, उभे राहावयाचे तर जी जात आपण टाकून दिली तिचे नाव पुन्हा कागदावर का लिहावे? आज मी या दोन प्रश्नांपुरतेच बोलणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज ‘होय’ असे आहे. मात्र चौतीस वर्षे ते ‘नाही’ असे होते, आणि त्याची झळ आपल्या समाजाने कशी सोसली हे नव्या पिढीस ठाऊक असले पाहिजे. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा जो आदेश काढला, त्यात हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे कलम होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. पण बौद्धांसाठी ते कलम जसेच्या तसे राहिले. जो माणूस काल गावकुसाबाहेर राहत होता, तो दीक्षा घेऊन त्याच घरी परतला. विहिरीवरची वागणूक तीच, मजुरी तीच. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याची अस्पृश्यता एका दिवसात संपली होती!

याचा निवडणुकीतील परिणाम फार लवकर दिसला. १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम हे नागपूरच्या राखीव मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब ते राखीव जागेस पात्र नाहीत, अशी याचिका त्यांच्याविरुद्ध दाखल झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एखादा धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. ज्याने जुना धर्म सोडल्याचे व नवा स्वीकारल्याचे लोकांसमक्ष सांगितले, त्याचा विधी यथासांग झाला होता की नाही याची आणखी चिकित्सा करण्याचे कारण नाही, असे ठरले. निवड रद्द झाली.

या निकालाचा अर्थ नीट ध्यानी घ्या. जो बौद्ध आपली दीक्षा लपवून ठेवील त्याला जागा मिळण्याची शक्यता होती. जो ती चारचौघांत सांगेल त्याला ती नव्हती. प्रामाणिकपणाला दंड ठेवणारी ही व्यवस्था होती. कितीएक घरांत भिंतीवर तथागतांची तसबीर आणि सरकारी कागदावर ‘हिंदू’ अशी दुहेरी नोंद राहिली, ती याच भीतीने. त्या माणसांना आज नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही.

नुकसान एकट्यादुकट्या उमेदवाराचे झाले असते तर गोष्ट वेगळी होती. संविधानाच्या ३३२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यात किती जागा राखीव असाव्यात, हे अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा सांगितला. ही संख्या आपल्या निश्चयाची साक्ष होय. परंतु तितकी माणसे अनुसूचित जातींच्या मोजणीतून बाहेर पडली. १९७१ च्या जनगणनेवरून जी रचना झाली तीत २८८ पैकी अवघ्या १८ जागा अनुसूचित जातींच्या वाट्यास आल्या. १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. त्यानंतर २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची जी फेररचना झाली, तीत राखीव जागा २९ झाल्या. एकूण जागा तेवढ्याच, २८८. तेव्हा जनगणनेचा कर्मचारी दारी येईल त्या वेळी धर्म ‘बौद्ध’ असे सांगून थांबू नका. जातीच्या रकान्यात काय लिहिले जाते तेही पाहा. पुढील मतदारसंघ त्या ओळींतून आखले जातात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. राखीव जागेच्या उमेदवाराला नामनिर्देशनपत्रातच आपल्या विशिष्ट जातीचे नाव घोषित करावे लागते. महाराष्ट्राच्या अनुसूचीत महार, मांग, चांभार इत्यादी जातींची नावे आहेत. ‘बौद्ध’ हे नाव तीत नाही, कारण ती जात नव्हे. म्हणून ज्याच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असा शब्द आहे त्याने अर्जाच्या आदल्या दिवशी जागे होऊन चालणार नाही. आजोबा-पणजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा शाळेचा किंवा महसुलाचा पुरावा शोधून, मूळ जात व बौद्ध धर्म या दोहोंचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याकडून आधीच मिळवावे. जे कुटुंब मुळात अनुसूचित जातीतील नाही, त्याला केवळ दीक्षेने राखीव जागेचा हक्क येत नाही, हेही स्पष्ट सांगतो. याविषयी काही ठिकाणी गैरसमज आहे.

जातीचे नाव लिहिल्याने दीक्षा बाटते, असे काही उपासक मानतात. त्यांच्या मनाची वेदना मला समजते, तरी मला ते पटत नाही. ते नाव आपल्या श्रद्धेचे नसून आपल्यावर काय लादले गेले याची ती नोंद आहे. १९३५ साली येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केल्यानंतर १९३७ साली खुद्द बाबासाहेब मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी भायखळा-परळ भागातील राखीव जागेवर उभे राहिले आणि निवडून आले. (त्यांच्याविरुद्ध प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू उभे होते, हे पुष्कळांना आज ठाऊक नसते.) धर्माविषयीचा त्यांचा निश्चय त्यामुळे तसूभरही ढळला नाही. इतकेही करून ज्याच्याने ते नाव लिहवत नाही त्याला सर्वसाधारण जागा मोकळी आहे. अनुसूचित जातीच्या माणसास तेथे उभे राहण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेथे आपली मते अपुरी पडतात, इतर समाजांत मित्र जोडावे लागतात. ते काम कठीण आहे. पण राखीव मतदारसंघातही बहुसंख्य मतदार इतर समाजांचेच असतात, हे विसरू नका.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. वय पंचवीस पूर्ण असावे आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असावे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षास दहा लागतात आणि ते सर्व त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. एका सूचकाचे नाव शेजारच्या मतदारसंघात निघाले तरी अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून यादी स्वतः तपासा, कार्यकर्त्याच्या शब्दावर राहू नका. अनामत रक्कम दहा हजार रुपये, अनुसूचित जातीच्या उमेदवारास पाच हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. एका मजूर कुटुंबास पाच हजार रुपये म्हणजे काय, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. वस्तीवर वर्गणी काढून अनामत भरावयाची असेल तर वर्गणीची वही ठेवा. खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख रुपये आहे; आपल्यापैकी कोणाला ती गाठण्याची चिंता नसावी. हिशेब मात्र निकालापासून तीस दिवसांत द्यावाच लागतो. पराभूत उमेदवार हे विसरतात आणि त्यापायी तीन वर्षे अपात्र ठरतात.

राहिली शपथ. अर्ज दाखल झाल्यानंतर आणि छाननीच्या दिवसापूर्वी उमेदवाराने ती घ्यावयाची असते. राहून गेल्यास अर्ज टिकत नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत तिचे दोन पर्याय दिलेले आहेत. एक ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ असा आणि दुसरा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असा. समोरचा अधिकारी सवयीने पहिला पर्याय पुढे करण्याचा संभव असतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने नम्रपणे दुसरा मागावा. तो त्याचा अधिकार आहे. शब्द जरा अवघड आहेत, म्हणून तो मजकूर आदल्या रात्री घरी दोन-तीन वेळा मोठ्याने वाचून ठेवावा.