इंटरनेटचे वर्ग आणि त्यांचे फलित

गावात एखादे नवे काम निघाले की नारळ फुटतो, फोटो निघतो आणि शेवटी एक आकडा जाहीर होतो. इतक्या बाया शिकल्या, इतकी गावे झाली. गेल्या दहा वर्षांत खेड्यापाड्यांतून मोबाईल आणि इंटरनेट शिकवण्याचे जे वर्ग चालले, त्यांचेही असेच झाले. हे वर्ग चालवणारी माणसे बहुधा आपल्यातलीच असतात. कुठे कॉलेजची मुले, कुठे बचत गटातली दोन बुके जास्त शिकलेली सून, कुठे निवृत्त गुरुजी. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. आज मला बोलायचे आहे ते त्या शेवटच्या आकड्याविषयी. 'शिकल्या' म्हणजे नेमके काय झाले, आणि ते ओळखायचे कसे?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. शिक्षक, विद्यार्थी आणि गावातली शिकलेली माणसे प्रौढांना अक्षरे शिकवू लागली. सगळा गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पुढे ही मोहीम राज्यभर गेली. गावाच्या अभिमानाचा असा चांगला उपयोग क्वचितच कोणी करून घेतला असेल. पण प्रौढ शिक्षणाचे काम केलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की ज्याला रोज वाचायला काही मिळत नाही, तो शिकलेले विसरतो. सहीपुरते तेवढे उरते. समारंभाच्या दिवशीचा आकडा खरा असतो, आणि वर्षाने तोच आकडा खरा राहीलच असे नाही.

अलीकडचे एक मोठे उदाहरण घेऊ. 2015 साली गूगल कंपनी आणि टाटा ट्रस्ट यांनी 'इंटरनेट साथी' हा उपक्रम काढला. गावातल्याच एका बाईला शिकवायचे, तिला फोन, टॅब्लेट आणि सायकल द्यायची, आणि तिने आपल्या व आसपासच्या गावांतल्या बायकांना शिकवायचे. तिला थोडेसे मानधन मिळे. तेव्हा ती निव्वळ स्वयंसेविका नव्हे, पण पगारदार मास्तरीणही नव्हे. महाराष्ट्रातही हे काम झाले. 80 हजारांवर साथी आणि सुमारे 3 कोटी बायका, असा हिशेब 2021 च्या सुमारास कंपनीने सांगितला. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा येत असे. 2015 मध्ये ग्रामीण भारतात इंटरनेट वापरणाऱ्या दहा माणसांत एक बाई होती. काही वर्षांत दहात चार झाल्या.

ऐकायला छान वाटते. पण इथे जरा थांबू या. कोंबडा आरवतो आणि उजाडते, दोन्ही खरे. म्हणून कोंबड्यामुळे उजाडले असे आपण म्हणत नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आले आणि डेटाचे भाव कोसळले. जिथे एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडत, तिथे काही वर्षांत दहा-पंधरा रुपये पडू लागले. स्वस्त फोन घरोघर आले. मग त्या चार बायांतल्या किती साथींनी आणल्या आणि किती स्वस्ताईने? नुसत्या या आकड्यावरून ते कोणालाच सांगता येणार नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नवे खत घातले आणि पीक चांगले आले, तर तो लगेच खताला श्रेय देत नाही. पाऊस कसा होता ते आधी बघतो. फारच खात्री करायची असली तर चार वाफ्यांना खत घालतो, शेजारचे चार तसेच ठेवतो. वर्गांच्या बाबतीतही हे करता येते. गावाला दोन वाड्या असतील, तर एका वाडीत वर्ग आज सुरू करा, दुसरीत सहा महिन्यांनी. कोणी वंचित राहत नाही, आणि मधल्या काळात दोन्ही वाड्यांत काय फरक पडला ते दिसते. यासाठी एम.ए. व्हावे लागत नाही. (आम्ही प्राध्यापक मंडळी यालाच मोठमोठी नावे देतो, इतकेच.)

आता, फरक बघायचा तो कशात? सरकारची 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' ही योजना 2017 ला सुरू झाली आणि मार्च 2024 ला संपली. तिच्यात नावे नोंदवली सुमारे 7 कोटी 35 लाख लोकांनी, शिक्षण पुरे केले सुमारे 6 कोटी 39 लाखांनी, आणि परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळाले पावणेपाच कोटींच्या आसपास लोकांना. एकाच कामाचे हे तीन आकडे! भाषणात यातला कोणता येईल, ते आपण जाणता. आणि प्रमाणपत्र हातात आलेली बाई पुढे फोन वापरते की तो कपाटात ठेवते, हे तिन्ही आकडे सांगत नाहीत.

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी तुम्हा शिक्षकांच्या ओळखीची असेल. 2023 साली त्यांनी 28 जिल्ह्यांतल्या खेड्यांतून 14 ते 18 वयाच्या सुमारे 35 हजार मुलामुलींची पाहणी केली. फोन वापरता येतो का, असे विचारले तेव्हा जवळजवळ 90 टक्के मुले हो म्हणाली. पण पाहणी करणारे तिथे थांबले नाहीत. फोन घेऊन ये आणि करून दाखव, असे त्यांनी सांगितले. फोन आणू शकली मुळात दोन-तृतीयांश मुले. मुलगे 73 टक्के, मुली 62 टक्के. ज्यांनी आणला, त्यांतल्या सुमारे 70 टक्क्यांना इंटरनेटवर एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधता आले. नकाशा उघडून इथून तिथे जायला किती वेळ लागेल हे काढा म्हटल्यावर मात्र एक-तृतीयांशाहून थोडी अधिक मुलेच टिकली. स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुलगे मुलींच्या दुपटीहून अधिक. 'येते' आणि 'करून दाखवले' यांत किती अंतर असते, ते पाहा.

हीच रीत आपल्या गावच्या वर्गाला लावावी, असे माझे मत आहे. वर्ग संपून सहा महिने झाले की घरी जायचे, आणि शिकवणाऱ्याने स्वतः जायचे नाही; दुसऱ्या कोणी जावे. शिकवणारी ताई समोर बसली की सगळ्यांना सगळे येते. फोन त्या बाईच्याच हातात द्यायचा आणि गावच्या जगण्यातले काम सांगायचे. सातबारा काढून दाखव. बँकेचा मेसेज वाच आणि किती पैसे जमा झाले ते सांग. 2021 पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपले पीक आपणच फोनवरून नोंदवायचे. ते तुम्ही नोंदवलेत, की शेजारच्या पोराने नोंदवून दिले? पोराने दिले असेल तर राग धरू नये, वहीत तसे लिहावे. पुढच्या हंगामाला पुन्हा विचारावे.

आणि एक काम मात्र मी सगळ्यांच्या आधी तपासीन. समजा, फोन आला: "मावशी, बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे, आत्ता आलेला नंबर सांगा." मावशी काय करते? अर्धवट शिकलेल्या माणसाला इथे न शिकलेल्या माणसापेक्षा अधिक धोका आहे, कारण न शिकलेल्याच्या फोनवर पैशाचा व्यवहारच नसतो. ज्या वर्गाने पैसे पाठवायला शिकवले आणि नंबर न सांगायला शिकवले नाही, त्याच्या शंभर प्रमाणपत्रांतून एकाही घरची पुंजी गेली तरी तो तोटा त्याच वर्गाच्या खात्यावर मांडावा लागेल. मावशीने फोन ठेवला का? फसवणूक झालीच तर 1930 या नंबरावर लगेच कळवायचे, हे तिला ठाऊक आहे का? हे करून बघता येते. मात्र अशी खोटी परीक्षा घेणार आहोत, हे वर्गात आधी सांगून ठेवावे; नाहीतर विश्वास जायचा.

सध्या 2022 ते 2027 या काळासाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. 15 वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवण्याचे हे काम स्वयंसेवकांच्या भरवशावर आहे, आणि त्यातल्या जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरताही धरली आहे. त्याच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान पाहतात. फोनचे काम येते की नाही, हे कागदावर कळणारे नव्हे. ते गावातल्या शिक्षकानेच वहीत टिपले तर टिपले.

त्या वहीत आणखी एक पान असावे, मधूनच यायच्या बंद झालेल्यांचे. ते पान कोणालाच आवडत नाही. पण वर्ग का फसला, हे बहुधा त्याच पानावर सापडते. वर्गाची वेळ पाणी भरायची होती. नवरा फोन घेऊन रानात गेला. सासूबाई म्हणाल्या, "काय करायचंय ते?" एखादीला चष्माच नव्हता, आणि ती लाजून बोलली नाही. यातली निम्मी कारणे चार दिवसांत दूर करता येण्यासारखी असतात.

शिकवणारीचेही एक पान ठेवा. सायकलवर चार गावे हिंडणाऱ्या बाईला तलाठी कार्यालयात आता कसे बोलतात, ग्रामसभेत ती उठून बोलते का, हे फलित कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मला ते दुय्यम वाटत नाही.

राहिली गोष्ट वेळेची. सहा महिन्यांनी जायचे म्हटले, पण बीड-अहिल्यानगरकडच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला गेलेली असतात. तेव्हा गेलात तर कुलुपे मोजून याल. तिकडे उन्हाळ्यात, माणसे परत आल्यावर आणि पेरणीची घाई लागण्याआधी जावे. आणि कारखान्याच्या तळावर फोन कशाकशाला वापरला, हे तेव्हाच विचारून घ्यावे.