वाटप किती, उपयोग किती?



कापडाच्या व्यापाऱ्यास मापाखेरीज दुसरे काय सुचणार! परंतु किती ताके विकले आणि शिवलेला कपडा अंगास बसला काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. सेवाकार्याच्या अहवालांत बहुधा पहिल्याचेच उत्तर असते.

बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. आपल्या उरणच्या अंगणवाड्या तिच्याच. आहार किती वाटला, हे नोंदवहीत सापडते. २०१२ साली मात्र राज्यभर मुलांची उंची मोजली गेली, तेव्हा दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २३ वर आल्याचे दिसले. वाटपाच्या बेरजेतून हे कधीच उमगले नसते.

प्रौढांसाठी माप सोपे आहे: दाखल्यास किती दिवस लागले? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे; ती टळल्यास अपील करता येते.

आपल्या न्यासाच्या वहीतही एक रकाना वाढवावा. दिलेला चष्मा आजोबा सहा महिन्यांनी वापरतात काय? त्यासाठी घरोघरी जावे लागेल. दुकानाच्या सुटीच्या दिवशी मी जाईन. सोबत आणखी दोघे हवेत.