घरी पडलेला रोगी आणि उशाशी मोबाईल



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु फाटकावर डकवलेली नोटीस आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवरचे बोलणे, यांतले कोणते कामगाराच्या डोक्यात शिरते, एवढे आम्हांस पक्के ठाऊक आहे. आजचा विषय आम्ही त्याच अंगाने घेणार आहोत.

2021च्या मार्च-एप्रिलात आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कोरोनाची दुसरी लाट आली. सौम्य लक्षणांच्या रोग्याने घरीच वेगळे राहावे, अशी सरकारी सूचना होती. तिला स्वतंत्र खोली अभिप्रेत होती. आता वाळूजच्या कारखान्यांलगत, रांजणगाव शेणपुंजीत, भाड्याच्या एका खोलीत जो सहकुटुंब राहतो त्याने वेगळे व्हायचे ते कोठे? तरीही माणसे वेगळी राहिली; मध्ये साडी बांधून राहिली. त्यांच्या उशाशी डॉक्टर नव्हता, मोबाईल होता.

त्या मोबाईलवर काय येत होते? कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगा, प्राणवायू वाढेल. नाकात लिंबू पिळा. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, हे ॲप ऑक्सिजन मोजील. इराणात तर 2020 साली, दारूने विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसे दगावली. तेव्हा हे वेड आपल्याच वाट्याला आले असे नव्हे. वारंवार पुढे ढकललेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल 2020मध्ये घातले. बरे केले. पण खोटे अडवले म्हणून खरे आपोआप पोहोचत नाही.

खरे काय पोहोचवायचे होते? या रोगात रक्तातला प्राणवायू उतरला तरी कित्येकांना धाप लागत नसे. माणूस बोलत असे, जेवत असे, आणि आतून ढासळत असे. म्हणून सहा मिनिटे चालण्याची चाचणी. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालायचे, पुन्हा पाहायचे. आकडा 93च्या खाली गेला, किंवा तीनाहून अधिक उतरला, की दवाखाना गाठायचा. याची सुबक चित्रे गटागटांतून फिरली. आमच्या लोकांनी ती पाहिली आणि अंगठा दाखवून पुढे ढकलली. शिक्षण झाले ते निराळ्या वेळी. रात्री अकराला एक कामगार आशाताईंना आवाजी निरोप धाडतो, "ताई, मघाशी 96 होते, चालून आलो तर 91. मशीन बिघडली का?" ताईंचा उलट निरोप येतो, "मशीन नाही दादा, तुम्हीच निघा." तो निरोप साऱ्या गटाने ऐकला. दुसऱ्या दिवशी लोक आपण होऊन आकडे कळवू लागले.

आमच्याकडे अधिक येई तो प्रश्न मात्र कोणत्याच चित्रात नव्हता: पगार किती बुडणार? राज्य कामगार विम्यासाठी पगारातून पाऊण टक्का कापला जातो. सहा महिन्यांच्या मुदतीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. कंत्राटी पोरांना हे कोणी सांगितलेले नव्हते. मजुरी बुडण्याच्या धास्तीने ताप लपवून पाळीला जाणाऱ्याला मुखपट्टीचे धडे देऊन काय उपयोग?

25 मे 2021 रोजी राज्याने 18 जिल्ह्यांत घरच्या विलगीकरणावर बंदी जाहीर केली. आपला जिल्हा त्यात नव्हता. लोक ऐकत नाहीत, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. ऐकायला घरात जागा आणि पदरी मजुरी लागते, हे थोड्यांनीच म्हटले.

आणि उत्तर देणाऱ्या ताईंचे काय? 15 जून 2021पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा सेविका संपावर गेल्या. बोलणी झाली, 1,000 रुपये मानधनवाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता कबूल झाला. रात्री अकराच्या त्या उत्तराचा मोबदला यातल्या कोणत्या सदरात धरला आहे, ते आम्ही अजून विचारीत आहोत.